नोंदीत कोणाचा शब्द? व्हँकूव्हर ते अलर्ट बे

व्हँकूव्हरला येणारे बहुतेक पर्यटक ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात उंच काचांच्या दालनातले कोरीव खांब पाहून परततात. माझा बराचसा वेळ मात्र आतल्या दालनांत गेला. तिथे वस्तू कपाटांत दाटीवाटीने मांडलेल्या आहेत, खालचे खण आपणच ओढून पाहायचे आणि पडद्यावर त्यांच्या नोंदी वाचायच्या. मी एका टोपलीची नोंद उघडली. माप होते, साहित्य होते, ती कोणाकडून आली हेही होते. विणणाऱ्या हातांचे नाव तेवढे नव्हते. संग्राहकाचे नाव जपायचे आणि कारागिराचे विचारायचेही नाही, ही जुन्या संग्रहालयांची रीतच होती.

हे संग्रहालय मस्क्वीम या मूलनिवासी लोकांच्या भूमीवर उभे आहे. मस्क्वीम, स्टोलो हा दुसरा मूलनिवासी समाज आणि अलर्ट बे या बेटावरच्या गावातील मूलनिवासींची उमिस्ता सांस्कृतिक संस्था यांनी या संग्रहालयाच्या जोडीने ‘रेसिप्रोकल रिसर्च नेटवर्क’ हे सामाईक ऑनलाइन नोंदजाळे उभारले आणि २०१० मध्ये ते खुले झाले. वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहालयांत पांगलेल्या, उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील वस्तूंच्या नोंदी त्यात एकत्र शोधता येतात. मला महत्त्वाची वाटली ती पुढची सोय: समाजातील जाणकार त्या नोंदीवर आपली माहिती लिहू शकतात, छायाचित्रे जोडू शकतात आणि हवी तर एखादी चर्चा आपल्या गटापुरतीच राखू शकतात. सगळे सगळ्यांसाठी खुले करणे म्हणजे औदार्य, असे आपण सहज धरून चालतो. पण ज्या गाण्यावर किंवा मुखवट्यावर विशिष्ट कुटुंबाचा हक्क असतो, तिथे काय झाकून ठेवायचे हे ठरवण्याचा अधिकारही त्या कुटुंबाकडेच हवा.

पोर्ट मॅकनीलहून फेरीबोटीने अलर्ट बेला पोहोचल्यावर या आग्रहामागचे कारण कळते. कॅनडा सरकारने १८८५ पासून १९५१ पर्यंत पॉटलॅच या मूलनिवासींच्या दानसमारंभावर कायद्याने बंदी घातली होती. १९२१ च्या अखेरीस व्हिलेज आयलंडवर झालेल्या मोठ्या पॉटलॅचनंतर अनेकांना तुरुंगात धाडले गेले, आणि जप्त झालेले मुखवटे व तांब्याचे मानाचे पत्रे ओटावा, टोरांटो, न्यूयॉर्क अशा ठिकाणी विखुरले. दीर्घ पाठपुराव्यानंतर त्यांतले बरेच परत आले. त्यांच्यासाठी १९८० मध्ये उघडलेल्या उमिस्ता केंद्रात ते काचेच्या पेटीविना, समारंभातील क्रमानुसार मांडलेले आहेत. मी त्या दालनात रेंगाळलो. लाकडावरचे रंगाचे फटकारे, चोचीची बिजागरी, ओवलेल्या दोऱ्या हे सगळे इतक्या जवळून दिसते की, पडद्यावरचे चित्र कितीही स्पष्ट असले तरी ते या अनुभवाची जागा घेईल, असे म्हणवत नाही.

म्हणूनच डिजिटल संग्रह म्हणजेच वस्तू परत करणे, असे कोणी सुचवले तर मला ते पटत नाही. जप्त वस्तूंपैकी एक शिरोभूषण पॅरिसमध्ये फ्रेंच कवी आंद्रे ब्रेतों यांच्या संग्रहात होते. ते २००३ मध्ये त्यांच्या मुलीने अलर्ट बेला परत केले. अशी वस्तू कुठे आहे हे सामाईक नोंदींमुळे हुडकता येते, पण ती मागायची आणि द्यायची ती माणसांनीच.