गोगलगाय नि पोटात पाय

सकाळी सव्वासातला काकूंचा फोन. "अहो दादा, टाकीत कुणी दूध सांडल्यासारखं झालंय!"

मी दुबईत घरोघरच्या खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या आणि प्रवाळांच्या टाक्या सांभाळतो. मूळचा रत्नागिरीचा, पण गावी हा धंदा करता आला नसता. दगडी प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. इथे ते परवान्यावर येतात.

लोकांना वाटतं मी माशांना खाऊ घालतो. माझं निम्मं काम चुन्याचं. कोरल, म्हणजे प्रवाळ, हाड बांधतं ते पाण्यातल्या कॅल्शियमवर, म्हणून कॅल्शियम 420 पीपीएमच्या आसपास आणि अल्कलिनिटी (पाण्यातले कार्बोनेट क्षार) 8-9 डीकेएचवर, हे तिचं माप, हलू न देता धरायची. काकूंच्या 400 लिटरच्या टाकीतलं रोज चार-पाच लिटर पाणी उडून जातं. त्याच्या जागी साधं पाणी न देता चुन्याची निवळी द्यायची. आजी पानाला लावायची तोच चुना, आरओच्या पाण्यात लिटरला दीड ग्रॅम, आणि गाळ खाली बसू द्यायचा. पातळी उतरली की फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारं बटण, पडतो, पंप थोडी निवळी सोडतो.

त्या रात्री फ्लोटवर गोगलगाय चढून बसली होती. फ्लोट खालीच दबून राहिला आणि वीस लिटर निवळी एका दमात आत गेली.

मीटर लावला, पीएच (पाणी किती आम्ल की अल्क याचं माप) 9.1. नेहमी 8.3 असतो. हॅमर जातीचं कोरल आक्रसून मुठीएवढं झालेलं. साहेबांना फोन केला तर म्हणाले, "थोडं पाणी बदल आणि पुढच्या घरी जा." त्यांच्या हाताला मिठाचं पाणी लागून किती वर्षं झाली देव जाणे.

मी काकूंकडे प्यायचा साधा सोडा मागितला. सोड्यातला कार्बन डायऑक्साइड पीएच खाली आणतो. अर्धा लिटर संपमध्ये, म्हणजे पाणी गाळायच्या जोडटाकीत, हळूहळू सोडला, पाऊण तासात 8.8 झाला. इथे थांबायला हवं होतं का? हॅमर हलेना, काकू मागे उभ्या, माझाही धीर सुटला. आणखी अर्धा लिटर ओतला. 8.5.

हॅमर संध्याकाळी फुललं. दुसऱ्या दिवशी ॲक्रोपोराचं, म्हणजे फांद्यांच्या प्रवाळाचं, मांस बुडापासून सुटायला लागलं, उकडलेल्या रताळ्याची साल निघावी तसं. दुपारपर्यंत पांढरा सांगाडा उरला. तीन वर्षं वाढवलेली फांदी.

चुन्यानं मेलं की सोड्यानं? काकूंना मी चुना सांगितलं. त्याआधीच्या फेरीत तीच गोगलगाय संपच्या काचेवर दिसली होती, हेही सांगितलं नाही. दिव्यांवर हजारो दिरहम घालणारी माणसं दुसरा फ्लोट म्हटलं की "बघू पुढच्या महिन्यात" म्हणतात. पण फ्लोटभोवती जाळी तर मला लावता आली असती, माझ्या गाडीतच होती.

काकूंनी तो सांगाडा धुऊन देवघरात शंखाशेजारी ठेवलाय. गोगलगाय धडधाकट आहे, परवा पुन्हा काचेवर होती.