चढाच्या आधीच खालचा गियर टाका

साताऱ्याच्या माणसाला जर्मनीतलं स्टुटगार्ट फार परकं वाटत नाही, मधलं शहर खाली आणि आजूबाजूला चढच चढ, आणि त्या चढांवर इथं म्हाताऱ्या आज्यासुद्धा ई-बाईकवरून भाजी घेऊन निवांत जाताना दिसतात. ई-बाईक म्हणजे इथं पायडल मारायची सायकलच, मोटर २५० वॉटची आणि ताशी २५ किमीच्या पुढं मोटरनं मदत करायची नाही असा युरोपचा नियम आहे.

साताऱ्यातला माझा मामेभाऊ यवतेश्वरचा घाट चढायला ई-सायकल घ्यायची म्हणतोय, आणि त्यानं फोनवर पहिलं हेच विचारलं की मोटर असताना गियर कशाला लागतात? लई जणांना हा प्रश्न पडतो म्हणून जरा नीट लिहितो.

माझ्या सायकलची मोटर मधे, पायडलपाशी आहे. तिचा जोर चेनमधूनच मागच्या चाकाला जातो, म्हणजे आपण टाकलेला गियर मोटरलाही लागू होतो. आता चढावर मागच्या सगळ्यात छोट्या चकतीवर चेन ठेवून सायकल रेटली, पायडल मिनिटाला कसेबसे ४० फेरे मारतंय, तर मोटर हळू फिरते आणि जोर मात्र जास्त लावावा लागतो, जोर जास्त म्हणजे करंट जास्त, आणि करंट दुप्पट झाला की मोटरच्या तारांमधली उष्णता चौपट होते. ही सगळी बॅटरीतलीच वीज, चाकापर्यंत न पोचताच गेली! तोच चढ त्याच वेगानं मागच्या मोठ्या चकतीवर, म्हणजे खालच्या गियरवर, ७०-८० फेऱ्यांनी चढा, मोटरचा आवाज वाढतो पण ती तेवढी तापत नाही. उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टरवाला चढाच्या आधीच गियर टाकतो ना, तसंच आहे हे.

आणि गियरनं चढ कमी होत नाही बरं का. माणूस, सायकल, सॅक मिळून १०० किलो धरा, ३०० मीटर उंची चढायला कमीत कमी ८२ वॉट-तास लागणारच, पायानं द्या नाहीतर बॅटरीनं. ५०० वॉट-तासाच्या बॅटरीचा हा साधारण सहावा हिस्सा झाला. त्याच्यावर आणखी किती वाया जाणार, ते मात्र बऱ्यापैकी गियर ठरवतो.

आपल्याकडच्या परवडणाऱ्या बहुतेक ई-सायकलींना मोटर चाकाच्या हबमधेच, म्हणजे चाकाच्या मधोमध असते. तिथं चेनचा मोटरशी संबंध नाही, गियर कुठलाही टाका, मोटर चाकाच्या वेगाप्रमाणंच फिरणार. तिथं गियर आपल्या पायांसाठी. घाटात वेग फार पडला की हब मोटर वीज खाते आणि तापते, खालच्या गियरवर आपण मन लावून पायडल मारले तर वेग टिकतो, मोटरवरचा भार हलका होतो. पायडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर, म्हणजे हातानं पिळायच्या ॲक्सिलरेटरवर घाट चढवू नका, अगदी कळकळीनं सांगतोय.

मधल्या मोटरवाल्यांनी अजून एक पाळा, मोटर पूर्ण जोरात असताना गियर बदलला तर चेन खाडकन उडते आणि चकत्यांचे दात झिजतात, म्हणून बदलताना क्षणभर पायातला जोर काढायचा. सिग्नलला थांबायच्या आधीच खालच्या गियरवर यायचं, थांबल्यावर चेन सरकत नाही.

मामेभावाला सांगितलंय, घाट रोजचा असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी मधल्या मोटरचीच बघ, आणि गावातल्या गावात राजवाडा ते पोवई नाका एवढंच फिरणार असशील तर हब मोटर बास.