एकच होम डिरेक्टरी, अनेक संगणक: आतापर्यंतची प्रगती

माझे दोन डेस्कटॉप आणि एआरएम प्रोसेसरचा एक छोटा बोर्ड आता सर्व्हरवरील एकच होम डिरेक्टरी (वापरकर्त्याच्या स्वतःच्या फायलींची जागा) एनएफएसद्वारे, म्हणजे नेटवर्कवरून फायली वापरू देणाऱ्या प्रणालीद्वारे, वापरत आहेत. लॅपटॉप मुद्दाम या व्यवस्थेबाहेर ठेवला आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८० च्या दशकात एनएफएस आणले तेव्हापासून ही रचना प्रचलित आहे. परंतु आजच्या होम डिरेक्टरीत कागदपत्रांच्या शेजारीच ब्राउझरचे डेटाबेस, डेस्कटॉपची सेटिंग्ज आणि कॅशचा (तात्पुरत्या साठवणीचा) ढीग नांदत असतो, आणि माझा बहुतेक वेळ या शेजाऱ्यांना वेगळे करण्यातच गेला.

प्रारंभी यूआयडी, म्हणजे वापरकर्त्यांचे ओळख क्रमांक, सर्व यंत्रांवर जुळवले. एनएफएसच्या नेहमीच्या सुरक्षा पद्धतीत क्लायंट (सर्व्हरवरील फायली वापरणारे यंत्र) जो क्रमांक सांगेल तोच सर्व्हर खरा मानतो. डेबियन लिनक्सवर पहिल्या वापरकर्त्याला १००० हा क्रमांक मिळतो आणि मॅकओएसवर ५०१, त्यामुळे नाव एकच असले तरी मालक वेगळा ठरतो. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत नावांचे मॅपिंग असल्याने हा प्रश्न आपोआप मिटतो, असा समज बराच आढळतो. प्रत्यक्षात या पद्धतीत परवानगीची तपासणी क्रमांकावरूनच होते. क्रमांक बदलण्यासाठी यूजरमॉड हा आदेश वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तो फक्त होममधील फायलींची मालकी बदलतो. बाहेरच्या फायली जुन्या क्रमांकावरून शोधून स्वतः बदलाव्या लागतात. रूट स्क्वॅश (क्लायंटवरील रूटला, म्हणजे सर्वाधिकारी प्रशासकाला, सर्व्हरवर ते अधिकार न देणारी सोय) चालू असले तरी क्लायंटवर रूट असलेली व्यक्ती कोणत्याही सामान्य वापरकर्त्याचे रूप घेऊ शकते, म्हणून सर्व यंत्रे स्वतःच्या ताब्यात असतील तरच ही सोपी पद्धत स्वीकारावी. अन्यथा केर्बेरोस या ओळख पडताळणाऱ्या प्रणालीला पर्याय नाही.

माउंट, म्हणजे सर्व्हरवरील डिरेक्टरी जोडून घेण्याचे काम, ते गरजेनुसार आपोआप करणाऱ्या ऑटोएफएसकडे सोपवले असून वाइल्डकार्डची (कोणत्याही नावाला लागू पडणारी) एकच ओळ सर्व वापरकर्त्यांना पुरते. हार्ड की सॉफ्ट, या वादात मी निःसंशय हार्डच्या बाजूने आहे. सर्व्हर बंद पडला की हार्ड माउंटवरील प्रोग्राम गोठतात आणि सर्व्हर परतताच पुढे चालू लागतात. सॉफ्ट माउंटमध्ये ठरावीक वेळेनंतर त्रुटी परत येते, आणि ती न तपासणारा प्रोग्राम फाईल अर्धवट लिहून मोकळा होतो. गोठलेल्या यंत्रावर काम करता यावे यासाठी प्रत्येक संगणकावर एक प्रशासकीय खाते ठेवले आहे, ज्याचे होम स्थानिक डिस्कवर, ऑटोएफएसच्या कक्षेबाहेर आहे.

खरी कसोटी डॉट फायलींची (टिंबाने सुरू होणाऱ्या नावांच्या, प्रोग्रामच्या स्वतःच्या फायलींची) होती. कॅशची जागा सांगणारे एक्सडीजी कॅश होम हे चल लॉगिनच्या वेळीच स्थानिक डिस्ककडे वळवले. त्याबरोबर नेटवर्कवरील किरकोळ लिखाणाचा मोठा भाग नाहीसा झाला आणि डेस्कटॉप उघडताना जाणवणारा अडखळा गेला. फायरफॉक्सचे प्रोफाइलही प्रत्येक यंत्रावर वेगळे ठेवले आहे. एकच प्रोफाइल दोन यंत्रांवर एकाच वेळी उघडणे तसेही अपेक्षित नाही. शिवाय त्यातील डेटाबेस एसक्यूलाइटचे असतात, आणि एसक्यूलाइटची वॉल पद्धत (बदल आधी वेगळ्या लॉगमध्ये लिहिण्याची) सामायिक मेमरीवर अवलंबून असल्याने वेगवेगळ्या यंत्रांमधून नेटवर्क फाइलसिस्टिमवर चालत नाही. ग्नोम डेस्कटॉपची सेटिंग्ज साठवणारा डीकॉन्फही आपला डेटाबेस मेमरीत मॅप करतो, म्हणून त्याच्या प्रोफाइलमध्ये सेटिंग्ज साध्या मजकूर फाईलमध्ये ठेवणारी कीफाइल सेवा नेमली. ही तरतूद अशाच होमसाठी केलेली आहे, तरीही ती अनेकांच्या नजरेतून सुटते.

एआरएम बोर्डाने वेगळाच मुद्दा पुढे आणला. डेस्कटॉपवर कंपाइल करून होममधील बिन डिरेक्टरीत ठेवलेला प्रोग्राम वेगळ्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी बनलेला असल्याने बोर्डावर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ देऊन थांबतो. आता यूनेम आदेशाकडून प्रोसेसरचा प्रकार घेऊन त्या नावाची उपडिरेक्टरी पाथमध्ये (प्रोग्राम शोधण्याच्या जागांच्या यादीत) जोडली जाते, तर शेल स्क्रिप्ट दोघांसाठी सामायिक राहतात. पायथॉनची व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजेस ठेवण्याची स्वतंत्र जागा) मात्र सरळ स्थानिक डिस्कवर हलवली.

लॅपटॉप नेटवर्कबाहेर जातो, आणि हार्ड माउंट असलेले होम घेऊन बाहेर पडणे निरर्थक आहे. तेथे सिंकथिंग या यंत्रांमधील फायली जुळत्या ठेवणाऱ्या प्रोग्रामने केवळ कागदपत्रांची डिरेक्टरी समक्रमित होते. दोन्हीकडे एकच फाईल बदलल्यास तो एक आवृत्ती वेगळ्या नावाने बाजूला ठेवतो, आणि एवढे संरक्षण कागदपत्रांना पुरेसे आहे.

सध्या बॅश शेलच्या इतिहासावर (दिलेल्या आदेशांच्या नोंदीवर) काम चालू आहे. एनएफएसवर फाईलच्या शेवटी भर घालण्याची क्रिया अखंड असेल याची हमी नसते, त्यामुळे दोन यंत्रांनी एकाच वेळी लिहिल्यास ओळी एकमेकींवर चढू शकतात. तूर्तास इतिहासाच्या फाईलनावात यंत्राचे नाव जोडले आहे. सर्व फायली एकत्र करून शोधणारी छोटी स्क्रिप्ट लिहिणे बाकी आहे. त्यानंतर सर्व्हरवरील स्नॅपशॉटकडे (फायलींच्या त्या त्या क्षणीच्या स्थितीच्या नोंदींकडे) वळेन.