डच बायबलातला कनानचा नकाशा: पारखण्यापासून टांगण्यापर्यंत

मन सोळाव्या शतकातल्या फ्लेमिश नकाशाकार ओर्टेलियसच्या अब्राहामाच्या प्रवासाच्या नकाशावर असतं, नाहीतर १६९५च्या अॅमस्टरडॅम हग्गादातल्या (ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या पोथीतल्या) हिब्रू नावांच्या नकाशावर. खिसा मात्र डच बायबलांतल्या नकाशांपाशी थांबतो. १६३७ला डच सरकारमान्य बायबल निघालं आणि पुढे त्याच्या मोठ्या आकाराच्या प्रतींत नकाशांचा संच बांधला जाऊ लागला. त्यात एदेन, इस्राएलांची रानातली वाटचाल, यरुशलेम, पौलाचे प्रवास असे पाचसहा नकाशे. मी निवडला तो अॅमस्टरडॅमच्या नकाशे छापणाऱ्या फिस्खर घराण्याचा कनान, म्हणजे बायबलातला वचनदत्त देश, साधारण ३१ × ४७ सेंमी, तळाशी ख्रिस्तचरित्रातले प्रसंग कोरलेला.

चित्र शेवटी बघायचं, आधी कागद. टॉर्च टेबलाला जवळजवळ समांतर धरली की छापताना नकाशा कोरलेला तांब्याचा पत्रा ओलसर कागदात रुतला होता त्याची खाच चौकटीबाहेर काही मिलिमीटरवर दिसते. बांधणीत कडा कापल्या गेल्या असतील तर ती दिसणार नाही, आणि खोटी खाचही उठवता येते. म्हणून दसपट भिंग घ्यायचं. छिन्नीने कोरलेली रेघ बारीक सुरू होते, मध्ये फुगते, टोकाला निमुळती होते आणि शाई कागदावर किंचित उभी राहते. ठिपक्यांची जाळी दिसली की ती ऑफसेट, म्हणजे आधुनिक यंत्रावरची छपाई, विषय संपला. मग कागद उजेडासमोर धरायचा: सुमारे अडीच सेंटिमीटर अंतराच्या आडव्या किंवा उभ्या रेघा आणि त्यांना काटकोनात दाट बारीक रेघा, म्हणजे जुन्या हातकागदाच्या साच्याच्या खुणा, दिसायला हव्यात.

नकाशावरचं साल छपाईचं समजू नये. एकच पत्रा कित्येक वर्षं चालायचा, आणि झिजताना सगळ्यात आधी समुद्रातल्या बारीक रेघा जायच्या. ओर्टेलियसच्या बाबतीत पाठीमागचा मजकूर कोणत्या भाषेत आहे आणि पानाचा क्रमांक काय आहे त्यावरून आवृत्ती ठरते. विक्रेते ‘१५७०’ लिहून मोकळे होतात, कारण अॅटलास पहिल्यांदा त्या वर्षी निघाला.

रंग हा सगळ्यात फसवा भाग. जुन्या हिरव्यात जंगाल (तांब्याचा हिरवा गंज) असतं, ते कागद खातं. म्हणून हिरव्या भागाच्या पाठीवर तपकिरी डाग उमटलेला असतो. पाठ स्वच्छ आणि हिरवा टवटवीत असेल तर शंका घ्या. घडीवर भिंग ठेवून बघा: रंग घडीच्या चिरेत उतरून गडद झाला असेल तर नकाशा दुमडल्यावर, म्हणजे बहुतेक फार नंतर रंगवलाय. बिनरंगाचा नकाशा मला तरी जास्त आवडतो. त्यात कोरीवकाम झाकलं जात नाही.

मधली घडी बहुतेक तळाशी फाटलेली असते. दुरुस्ती पाठीमागून, जपानी तंतुकागदाच्या आठेक मिलिमीटर रुंद पट्टीने. पट्टी कात्रीने कापायची नाही, ओली रेघ ओढून फाडायची, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि पुढून वळ उठत नाही. खळ शुद्ध गव्हाच्या सत्वाची: एक भाग सत्व, पाच भाग पाणी, मंद आचेवर वीसपंचवीस मिनिटं ढवळत. कुरडयांचा चीक शिजवताना येते तशी काचेसारखी चमक आली की उतरवायची, गाळायची, पातळ करायची. घरचा चीक वापरू नये. त्यात ग्लुटेन उरतं, मीठही असतं. मैद्याची खळ तर कसरीला आमंत्रण. पांढरा गोंद नंतर निघत नाही. रंगीत नकाशावर आधी ओल्या कापसाचं टोक एका कोपऱ्यात टेकवून रंग सुटतो का बघावं. वरून टीपकागद, काच आणि वजन, रात्रभर. इस्त्री कधीच नाही. पत्र्याची खाच सपाट होते आणि अस्सलपणाचा पुरावाच जातो.

फ्रेमवाला नकाशा चारही बाजूंनी पुठ्ठ्याला चिकटवू पाहील. पावसाळ्यात कागद फुगतो, त्याला सरकायला जागा नसली की लाटा उठतात. फक्त वरच्या कडेला दोन कागदी बिजागऱ्या, बाकी मोकळा. मधला माउंट, म्हणजे नकाशाभोवतीचा पुठ्ठा, शंभर टक्के कापसाचा, दीड मिलिमीटर, खिडकी अशी कापलेली की पत्र्याची खाच दिसेल. काच अतिनील किरण अडवणारी आणि नकाशापासून सुटी. पाठीला एमडीएफ नको, आम्लविरहित फळी हवी.

कोकणात किंवा मुंबईत पावसाची झोड बसते ती भिंत टाळायची. फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांना छोटे रबरी ठोकळे लावले की हवा खेळते. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी येते. उजेड ५० लक्सच्या आसपास ठेवायचा, आणि वर्षातले तीनचार महिने भिंतीवर, बाकीचे कपाटात आडवा.

खाली छोटी चिठ्ठी हवी, आणि तिच्यावर दिशा जरूर लिहावी. उदाहरणार्थ, डच धर्मगुरू आद्रिखेमच्या पवित्र भूमीवरच्या १५९०च्या ग्रंथातल्या नकाशात पूर्व वर आहे, भूमध्य समुद्र पायाशी आणि उत्तर डावीकडे. चिठ्ठी नसली की पाहुणा पहिल्यांदा मान वाकडी करतो आणि मग विचारतो, हा उलटा टांगलाय का?