तुम्ही विचारलंत म्हणून: या गोळ्यांची सवय लागते का?

हर्णै बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझे औषधांचे दुकान आहे. नैराश्यावरील गोळ्यांची चिठ्ठी पुढे करताना बहुतेक माणसे आधी मागे वळून दुकानात आणखी कोणी आहे का ते पाहतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "काका, ह्यांची सवय तर नाय ना लागत?" गर्दीच्या वेळी मी "नाही लागत" एवढे सांगून मोकळा होत असे. ते उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते, आणि त्या अपुरेपणाचा त्रास माझ्याच एका गिऱ्हाइकाला झाला.

"सवय" या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. पहिली म्हणजे व्यसन, ज्यात वस्तूची तलफ येते, कालच्या प्रमाणात आज भागत नाही आणि माणूस वाढवत जातो. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम या गोळ्यांचे तसे होत नाही. त्यांच्यासाठी "आज दोन जास्त द्या" म्हणून कोणी माझ्याशी हुज्जत घातलेली नाही. हुज्जत होते ती अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामसाठी. उपचाराच्या सुरुवातीला झोप लागावी, धडधड थांबावी म्हणून डॉक्टर कधी कधी यांतली एखादी गोळी जोडीला देतात आणि तिची सवय खरोखरच लागू शकते. घरी मात्र दोन्ही स्ट्रिपा एकाच डब्यात, "डोक्याच्या गोळ्या" या एकाच नावाने राहतात आणि एकीची बदनामी दुसरीला चिकटते.

दुसरी गोष्ट आहे शरीराने जुळवून घेण्याची. मेंदूतील एक पेशी दुसरीला निरोप देण्यासाठी सेरोटोनिन सोडते आणि काम झाले की एक वाहक प्रथिन ते पुन्हा आत ओढून घेते. या गोळ्या त्या वाहकाला अडवतात. हे काम पहिल्या गोळीनंतर काही तासांतच सुरू होते, पण मन हलके व्हायला दोन ते चार, कधी सहा आठवडेही लागतात. म्हणूनच "सेरोटोनिन कमी पडले होते, गोळीने भरून काढले" हे सोपे चित्र मला पटत नाही. तसे असते तर गुण दुसऱ्याच दिवशी यायला हवा होता. वाढलेल्या सेरोटोनिनला सरावताना पेशी आपली संवेदनशीलता हळूहळू बदलतात आणि सुधारणेचा संबंध या फेरमांडणीशी असावा, असे मानले जाते. दरम्यान मळमळते, कारण शरीरातले नव्वद टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यांत असते. माझ्या पाहण्यात पहिल्याच आठवड्यात गोळी टाकून देणारे बहुतेक या मळमळीलाच कंटाळलेले असतात.

ज्या शरीराने महिनोन्महिने अशी मांडणी करून ठेवली, त्याच्याकडून औषध एकाएकी काढून घेतले की ते अडखळते. गणपतीच्या दिवसांत हे मी हमखास पाहतो. एकदा मुंबईहून आलेला एक चाकरमानी गौरीजेवणाच्या दिवशी काउंटरची कड धरून उभा होता. मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखे होते, चक्कर येते, रात्रभर भलतीच स्वप्ने पडतात, असे सांगत होता. पॅरॉक्सेटीनची, म्हणजे याच गटातल्या एका गोळीची, स्ट्रिप विरारच्या घरी राहिली होती. "लागलीच ना शेवटी सवय?" असे तो चिडून म्हणाला. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये होता, त्याच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणे झाले, गोळी पुन्हा सुरू झाली आणि परतीची गाडी पकडण्याआधी तो बरे असल्याचे सांगून गेला.

हा त्रास किती लवकर आणि किती होईल, हे बऱ्याच अंशी औषध शरीरातून किती वेगाने उतरते यावर ठरते. पॅरॉक्सेटीनचे रक्तातील प्रमाण साधारण २१ तासांत निम्म्यावर येते, व्हेनलाफॅक्सीन या नैराश्यावरच्याच दुसऱ्या गोळीचे सुमारे ५ तासांतच. उलट फ्लुओक्सेटीन आणि त्यापासून शरीरात तयार होणारे सक्रिय द्रव्य कित्येक आठवडे रेंगाळते. त्यामुळे चार दिवस ट्रॉलरवर गेलेला खलाशी फ्लुओक्सेटीन घरी विसरला तर त्याला बहुधा काही जाणवतही नाही, पण व्हेनलाफॅक्सीन विसरलेला समुद्र शांत असतानाही बोट लागल्यासारखा आडवा होऊ शकतो.

माझी चूक इथलीच. एका बाईंना बरे वाटू लागले होते, पॅरॉक्सेटीन थांबवायचे होते, आणि "एक दिवसाआड घ्या, मग सोडा" असे मी ठोकून दिले. एवढ्या लवकर उतरणारे औषध दिवसाआड घेणे म्हणजे सोडण्याचा त्रास दिवसाआड नव्याने ओढवून घेणे. त्यांना वाटले, आजार उलटला. उलटलेला आजार सहसा काही आठवड्यांत हळूहळू डोके वर काढतो, तर हा त्रास दोन-चार दिवसांत येतो आणि त्यात विजेच्या झटक्यांसारखे काही असते, जे मूळ आजारात नव्हतेच. हा फरक तेव्हा मी त्यांना सांगायला हवा होता.

शिवाय गोळी निम्मी केली म्हणजे परिणाम निम्मा होतो, असेही नाही. याच गटातले सिटालोप्राम २० मिलिग्रॅम घेतले तर सुमारे ८० टक्के वाहक अडतात, पण ५ मिलिग्रॅमलाही ६० टक्क्यांच्या आसपास अडलेले असतात. म्हणजे २० वरून ५ वर येणे ही छोटी उतरण आहे आणि ५ वरून शून्यावर येणे हा कडा आहे. शेवटचा चतकोर सर्वांत सावकाश सोडावा लागतो तो यामुळे, आणि किती सावकाश ते डॉक्टरांनीच ठरवायचे, मी नव्हे.

मी ठरवू शकतो ते एवढेच की १ ऑगस्टला मासेमारी पुन्हा सुरू झाली की बोटीवर जाणाऱ्यांच्या गोळ्या दोन पुड्यांत बांधून देतो, एक घरच्या डब्यासाठी आणि एक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या प्रमुखाच्या, पेटीत ठेवायला.