१४९ सेंटिमीटर

पोळ्याला आठवडा राहिला होता. साल २०१८. त्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफस या तापाचे पेशंट सापडू लागले होते. पण ती बाई मध्यरात्री नागपूरला आमच्या आयसीयूत आली, तेव्हा माझ्या डोक्यात डेंगी आणि न्यूमोनिया एवढंच होतं. भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, पन्नाशीच्या आसपासची. सहा दिवस ताप, दोन दिवसांपासून दम. गावात सलाइन झालं, तालुक्याला रक्त तपासून झालं. मलेरिया नाही, डेंगी नाही. मास्कवर पंधरा लिटर ऑक्सिजन चालू असताना बोटावरचा आकडा ७८ होता आणि एका दमात तिला दोन शब्दही बोलवत नव्हते. पहाटे अडीचला मी नळी टाकली आणि तिला व्हेंटिलेटरवर घेतलं.

त्यावेळी मी जे केलं ते आजही मला टोचतं. केसपेपरवर वजन लिहिलं होतं ७२ किलो. बाई अंगाने भरलेली, चादरीखाली चांगली मोठी दिसत होती. टायडल व्हॉल्यूम, म्हणजे मशीन एका श्वासाला जितकी हवा ढकलतं ती, मी ४५० मिलीलिटरवर ठेवली. सवयीने हात तिथेच गेला. ऑक्सिजन ७८ वरून ९३ वर चढला. मला हायसं वाटलं आणि मी दुसऱ्या बेडकडे वळले.

सकाळी साडेसातला ड्यूटी बदलली. चार्ट भरता भरता सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, हाइटचा रकाना रिकामा आहे. किती लिहू?" अंदाजे पाच फूट तीन लिहा, असं मी म्हणणार होते. पण त्यांनी ड्रेसिंगच्या ट्रॉलीतून शिंप्याची पिवळी टेप काढलीच होती, जलोदराच्या पेशंटच्या पोटाचा घेर मोजायला ठेवतो ती. बेड सपाट केला. मावशींनी टाचा धरल्या. मी डोक्याला फाइलचा पुठ्ठा टेकवला आणि सिस्टरांनी टेप ताणली. १४९ सेंटिमीटर. पाच फुटांनाही कमी.

माणूस जाडा झाला तरी त्याचं फुफ्फुस मोठं होत नाही. छातीचा पिंजरा ठरतो उंचीवरून, म्हणून व्हेंटिलेटरवरचा हिशोब खऱ्या वजनावर नाही, उंचीवरून काढलेल्या वजनावर करायचा असतो. बायकांसाठी ४५.५ अधिक ०.९१ गुणिले, उंचीतून १५२.४ वजा करून जे येईल ते. तिचं उत्तर आलं ४२.४ किलो. किलोला ६ मिलीलिटर धरले, तर साधारण २५० मिलीलिटर. मी देत होते ४५०. रात्रभर, मिनिटाला अठरा वेळा.

मी इन्स्पिरेटरी होल्डचं बटण दाबलं. श्वास आत गेल्यावर मशीन क्षणभर थांबतं आणि फुफ्फुसाच्या आतला खरा दाब पडद्यावर दिसतो. ३६. हा आकडा तिसाच्या आत ठेवायचा, हे आमच्या शाखेत पहिल्या वर्षाच्या मुलांनाही पाठ असतं. पीप, म्हणजे श्वास बाहेर टाकल्यावरही आत राखून ठेवलेला दाब, १२ होता. दोन्हींतला फरक २४, आणि तो पंधराच्या वर नको.

हे नियम असेच कुणी ठरवलेले नाहीत. २००० साली अमेरिकेत ८६१ पेशंटांवर झालेला अभ्यास छापून आला. निम्म्यांना किलोला १२ मिलीलिटर, निम्म्यांना ६. बारावाल्यांत सुमारे ४० टक्के दगावले, सहावाल्यांत ३१ टक्के. औषध वेगळं नाही, मशीन वेगळं नाही, फक्त श्वास लहान. मी हे वर्गात शिकवलेलं आहे. आणि माझ्याच पेशंटला त्या रात्री मी किलोला जवळजवळ ११ दिले होते.

तिला झाला होता एआरडीएस, म्हणजे फुफ्फुसं सुजून पाण्याने भरण्याचा आजार. असं फुफ्फुस एकसारखं खराब नसतं. उताणं झोपलेल्या पेशंटच्या पाठीकडचा भाग पाण्याने भरून मिटलेला असतो आणि छातीकडचा थोडासा भाग उघडा राहतो. इटलीतले डॉक्टर गॅटिनोनी यांनी त्याला 'बेबी लंग' म्हटलं, कारण मोठ्या माणसाच्या छातीत कामाचं फुफ्फुस लहान मुलाएवढंच उरलेलं असतं. मिटलेल्या भागात हवा शिरत नाही. मग ढकललेली सगळी हवा त्या उरलेल्या चांगल्या भागातच जाते आणि तोही फाटतो, सुजतो.

४५० वरून मी एकदम २५० वर आले आणि श्वासांचा वेग अठरावरून तीस केला. होल्ड केलं, दाब २६. पडद्यावरची दाबाची रेघ वाटीच्या कडेसारखी वर वळत होती, ती सरळ झाली. पण ऑक्सिजन ९३ वरून ८८ वर घसरला. तासाभराने रक्तातला कार्बन डायऑक्साइड ४४ चा ६६ झाला आणि पीएच ७.२१, म्हणजे रक्त आम्लाकडे झुकलेलं. माझ्या रेसिडेंटचा चेहरा उतरला. "मॅडम, थोडं वाढवू या ना, ३५० तरी?" त्याला मी दोष देत नाही. आपल्या हाताने आकडे बिघडवायचे आणि नुसतं बघत उभं राहायचं, हे अंगवळणी पडायला वर्षं लागतात. ८८ चालतं, ७.२१ सुद्धा चालतं. फाटलेलं फुफ्फुस शिवता येत नाही.

कार्बन डायऑक्साइडसाठी एक गोष्ट मात्र हातात होती. नळी आणि सर्किटच्या मधे आम्ही हवा ओलसर ठेवणारा फिल्टर लावतो. आमच्याकडच्या फिल्टरच्या पोटातच पन्नासेक मिलीलिटर हवा मावते. ४५० च्या श्वासात ती जाणवत नाही. २५० च्या श्वासात पाचवा हिस्सा तिथल्या तिथे वाया जातो. नळीला चिमटा लावून फिल्टर काढला आणि त्या जागी गरम पाण्याचा ह्युमिडिफायर जोडला. दुपारपर्यंत ६६ चे ५८ झाले.

अकराला भेटीची वेळ. मुलगा आत आला, बावीस-तेवीस वर्षांचा, पायाला अजून चिखल. त्याने मॉनिटरवरचा ८८ पाहिला. रात्री जाताना त्याने ९३ पाहिला होता.

"मॅडम, मशीन वाढवून द्या ना जी. माह्या मायले हवा कमी पडून रायली."

मी त्याला विचारलं, तुझी धानाची शेती आहे ना? दहा बांध्यांपैकी आठ बांध्या गाळाने भरल्या आणि सगळं पाणी उरलेल्या दोन बांध्यांत सोडलं, तर?

तो जरा थांबून म्हणाला, "धुरा फुटते जी." धुरा म्हणजे बांध.

मग त्याने पुन्हा वाढवा म्हटलं नाही. बेडच्या कठड्याला धरून तो वेळ संपेपर्यंत तिच्या छातीची ती छोटी छोटी हालचाल पाहत राहिला.

दुपारी मशीनमधून ९० टक्के ऑक्सिजन देऊनही रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब ६२ होता. ६२ भागिले ०.९, साधारण ६९, म्हणजे तीव्र एआरडीएस. पालथं घालायचं ठरलं. २०१३ साली फ्रेंच गटाने ४६६ पेशंटांवर दाखवलं होतं की अशांना दिवसाचे किमान सोळा तास पालथं ठेवलं, तर २८ दिवसांतले मृत्यू ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर येतात. आमच्या शाखेत इतका मोठा फरक पाडणारं फार थोडं आहे, आणि त्याला लागतात फक्त माणसं. आम्ही सहा जण होतो. डोक्याशी मी नळी धरून. दोन बाजूंना दोघं दोघं आणि एक जण सलाइनच्या नळ्या सांभाळायला. डोळ्यांत मलम घालून पट्ट्या लावल्या, छातीखाली आणि कमरेखाली उशा ठेवल्या. तिनाला उचला, एक, दोन, तीन.

ती पालथी झाली आणि सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, हे काय आहे?"

कमरेच्या मागे, सायाची नाडी जिथे काचते नेमकी तिथे, मसुराच्या दाण्याहून जरा मोठी काळी खपली. कडेने लालसर गोल. सिगारेटचा चटका दिल्यासारखी. हीच स्क्रब टायफसची खूण, एस्कार. गवतातल्या चिगर माइटची अळी, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढी, जिथे चावते तिथे ती उमटते. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून पेशंट सांगत नाही. आणि रात्री मी तिची छाती ऐकली होती, पोट चाचपलं होतं, पाठ पाहिलीच नव्हती. धानातलं निंदण आणि बैलांसाठी गवत कापणं, दोन्ही कामं ती तापाच्या आधीपर्यंत रोज करत होती, हे मुलाने नंतर सांगितलं.

डॉक्सीसायक्लिन त्याच वेळी नाकातल्या नळीतून सुरू केलं. तपासणीचा अहवाल दोन दिवसांनी पॉझिटिव्ह आला.

पालथं घातल्यावर चार तासांत मशीनमधून द्यावा लागणारा ऑक्सिजन ९० टक्क्यांवरून ६० वर आणता आला. पाठीकडचा मिटलेला भाग आता वरच्या बाजूला आला होता आणि हळूहळू उघडत होता. असे तीन दिवस, रोज सोळा तास. दर दोन तासांनी तोंडाची बाजू बदलायची असते. दुसऱ्या रात्री शेजारच्या बेडवर कार्डिअॅक अरेस्ट झाला आणि आम्हाला साडेचार तास तिच्याकडे वळता आलं नाही. वळलो तेव्हा डाव्या गालाच्या हाडावर कातडी काळवंडली होती.

चौथ्या दिवशी ताप उतरला. स्नायू सैल ठेवणारं औषध बंद केलं, तिचा स्वतःचा श्वास सुरू झाला. पीप १२ वरून १०, मग ८. घाई केली नाही, कारण दाब भराभर काढला तर उघडलेलं पुन्हा मिटतं. तान्ह्या पोळ्याला शहरात मारबतीच्या मिरवणुका होत्या, रस्ते बंद, दिवसपाळीचे लोक उशिरा पोहोचले. त्याच दुपारी नळी काढली. घसा बसलेला. पहिला शब्द कळला नाही, दुसरा 'पाणी' होता.

सहा आठवड्यांनी ती तपासणीला आली, मुलाचा हात धरून, पण आपल्या पायांनी जिना चढून. आकडा ९६. छातीच्या खालच्या भागात अजून बारीक चरचर ऐकू येत होती. स्टेथोस्कोप कानातून काढला, तर तिने गालावरच्या फिकट डागावर बोट ठेवलं. "हे कायचं जी मॅडम?"

तुम्हाला तीन दिवस पालथं झोपवलं होतं, मी सांगितलं, त्याचा दाब पडला. वेळेवर बाजू बदलायची राहिली आमच्याकडून. ती जरा वेळ गाल चाचपत राहिली. तिला त्यातलं काहीच आठवत नव्हतं.