चर्च पुढे, आम्ही मागे, नजर रस्त्यावर

किरुना म्हणजे स्वीडनच्या पार उत्तर टोकाचं गाव, आर्क्टिक सर्कलच्याही वर, आणि गावाखाली लोखंडाची भलीमोठी खाण. खाण जसजशी खोल जाते तसतशी वरची जमीन खचते, म्हणून २००४ मध्येच जाहीर झालं की गावाचा मोठा भाग पूर्वेला न्यायचा. बऱ्याच इमारती पाडल्या, काही उचलून नेल्या. मी रस्त्याच्या कामावर साइट इंजिनियर, त्यामुळे १९ ऑगस्ट २०२५ ला गावाचं जुनं चर्च अख्खंच्या अख्खं उचलून नव्या जागी न्यायला निघाले तेव्हा माझी ड्युटी काय, तर चर्चच्या मागून चालायचं आणि रस्ता बघायचा.

हे चर्च १९१२ चं, लाकडी, लाल रंगाचं. वजन ६७२ टन. सुटं केलंच नाही, आतला ऑर्गन आणि वेदीमागचं चित्र नीट गुंडाळून जागच्या जागी ठेवलं, खालून लोखंडी बीम घातले आणि सगळं धूड दोन्ही बाजूंच्या ट्रेलरवर चढवलं. या ट्रेलरला ड्रायव्हरची केबिन नसते, ऑपरेटर गळ्यात रिमोट अडकवून बाजूने चालतो. प्रत्येक चाक वेगळं वळतं, आणि रस्ता वरखाली असला की हायड्रॉलिक्स आपोआप ॲडजस्ट होतं म्हणजे वरचं चर्च लेव्हलमध्ये राहतं.

पण हायड्रॉलिक्स काय करणार जर रस्ताच दबला तर. आमचा मूळ रस्ता ९ मीटरचा, तो २४ मीटर केला होता, म्हणजे काही चाकं वर्षानुवर्षं दबून घट्ट झालेल्या जुन्या डांबरावर आणि काही आम्ही परवा परवा टाकलेल्या भरावावर. खरी भीती त्या जोडाची. भराव थरांथरांत टाकून रोलर मारून मारून टेस्ट केलेला, पण कागदावरचा रिपोर्ट वेगळा आणि डोळ्यासमोर ६७२ टन जाताना बघणं वेगळं. मी खाली वाकून टायर गेल्यावर खडीत किती ठसा उमटतो तेच बघत होतो, बोटाची पेरं बुडतील एवढाही नव्हता. तरी पुढच्या पन्नास मीटरला परत तोच जीव वरखाली.

त्यात चर्चची रुंदी ४० मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंनी ते रस्त्याच्या बाहेर लटकत होतं. म्हणून खांब, पाट्या, झाडं आधीच काढली होती, वाटेतला एक पूलसुद्धा पाडला होता. वेग अर्धा किलोमीटर ताशी. लक्ष्मी रोडची विसर्जन मिरवणूक आठवली, तिथे निदान ढोल तरी असतो, इथे हजारो लोक आणि नुसता इंजिनचा आवाज. सकाळी निघताना बिशपबाईंनी प्रार्थना म्हटली.

वळणावर मात्र सगळ्यांची बोलती बंद. रिमोटवाला दोन पावलं पुढे, थांब, मागे बघ, परत दोन पावलं, आणि त्याची माणसं चारही कोपऱ्यांवर वॉकीटॉकी घेऊन अंतरं सांगत होती. काही लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं, इथेच लग्न झालेली, बारसं झालेली माणसं ती, मला त्यांच्याकडे बघायला फुरसत नव्हती. टीव्हीवर दिवसभर लाइव्ह चालू होतं. आईने पुण्याहून फोन करून विचारलं, "अरे तू कुठे दिसत नाहीस?" म्हटलं आई, मी खाली बघतोय, कॅमेरा वर बघतोय.

एकूण ५ किलोमीटर, दोन दिवस. दुसऱ्या दिवशी स्वीडनचे राजेसाहेबही आले, लोकांनी मिळून कॉफी प्यायली, आणि दुपारी चर्च नव्या जागी कब्रस्तानाशेजारी पोचलं. खर्च साधारण ५० कोटी क्रोनर, सगळा खाणकंपनीचा, आणि माझ्या मते तो त्यांनीच करायला हवा होता, खड्डा त्यांचाच आहे ना. रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांची नाराजी मात्र कायम आहे, खाण वाढली की त्यांच्या चराईच्या वाटा तुटतात आणि कुरण काही ट्रेलरवर चढवता येत नाही.

आमचं काम पुढच्या आठवड्यात पण चालूच, काढलेले खांब आणि पाट्या परत उभ्या करायच्या, त्याचं लाइव्ह कोण दाखवणार.